कोणत्या दारचा कायदा?

अमेरिकेत एका राज्यातला माल दुसऱ्या राज्यात जाताना वाटेत जकातनाका लागत नाही. मिनेसोटातून विस्कॉन्सिनमध्ये शिरणाऱ्या ट्रकला सेंट क्रॉय नदीच्या पुलावर कोणी पावती मागत नाही. मुंबईच्या वेशीवर, मुलुंड-दहिसरला, २०१७ पर्यंत लागणाऱ्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे अप्रूप वाटेल. मात्र त्या पुलाच्या अलीकडे एक कायदा असतो आणि पलीकडे दुसरा. कर्जावर व्याज किती घ्यायचे, दूध कशात भरायचे, रविवारी दारू विकायची की नाही, नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याचे राज्य ठरवते. माल पुढे जातो. त्याच्याबरोबर विकणाऱ्याच्या दारचा कायदा जातो की घेणाऱ्याच्या, यावर तिथल्या न्यायालयांत दोनशे वर्षे खल चालू आहे.

मिनिआपोलिसच्या नैर्ऋत्येला असलेले ईडन प्रेरी हे उपनगर या प्रश्नाच्या ऐन मध्यावर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण देशभर मालवाहतूक जुळवून देणारी सी. एच. रॉबिन्सन, श्रवणयंत्रे बनवणारी स्टार्की आणि आरोग्यविम्याच्या व्यवसायातील युनायटेडहेल्थ समूहाची ऑप्टम या तिन्ही कंपन्यांचा कारभार इथून चालतो. यांतल्या एकीचाही धंदा मिनेसोटाच्या हद्दीत मावणारा नाही. पूर्वेला विस्कॉन्सिन गाडीने तासाभरावर. पश्चिमेला दोन डकोटा आणि दक्षिणेला आयोवा. राज्यांमधल्या व्यापाराच्या कायद्याला वळण देणारे कित्येक खटले याच चार-पाच राज्यांच्या आपसातल्या कुरबुरींतून उभे राहिले.

अमेरिकी राज्यघटनेने आंतरराज्य व्यापाराचे नियमन केंद्रीय संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे दिले. राज्यांनी एकमेकांच्या व्यापाऱ्यांना अडवू नये असे मात्र त्या कलमात कुठेही लिहिलेले नाही. तो अर्थ न्यायाधीशांनी काढला. १८२४ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी न्यूयॉर्क राज्याने आगबोटींना दिलेली मक्तेदारी रद्द केली, तिथून ही परंपरा सुरू झाली. भारतीय घटनाकारांनी हे काम न्यायालयांच्या तर्कावर सोडले नाही. व्यापार देशभर मुक्त राहील असे कलम ३०१ मध्ये त्यांनी सरळ लिहिले, आणि त्याचे अपवादही पुढच्याच कलमांत देऊन टाकले. तरीही आपल्याकडे खटले कमी झाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मिनेसोटाला या नियमाचा पहिला मोठा फटका १८९० मध्ये बसला. बर्फाच्या डब्यांच्या रेल्वेगाड्या आल्यापासून शिकागोच्या कत्तलखान्यांतले मांस दूरच्या शहरांत ताजे पोहोचू लागले होते आणि गावोगावचे खाटीक हवालदिल झाले होते. मिनेसोटाने १८८९ मध्ये कायदा केला: विक्रीच्या मांसासाठी जनावराची कत्तलीआधीच्या चोवीस तासांत राज्याच्या निरीक्षकाने तपासणी केलेली असलीच पाहिजे. वाचायला हा आरोग्याचा नियम. पण इलिनॉयमध्ये कापलेल्या जनावराला मिनेसोटाचा निरीक्षक चोवीस तास आधी कुठून तपासणार? परराज्याच्या मांसावरची ही आडमार्गाने घातलेली बंदीच होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ओळखली आणि कायदा रद्द केला.

जवळजवळ शतकानंतर तेच राज्य पुन्हा त्याच न्यायालयात उभे राहिले, या वेळी दुधासाठी. परत न करता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून दूध विकण्यावर मिनेसोटाने १९७७ मध्ये बंदी घातली, पण कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यांना मोकळीक दिली. कागदाचा लगदा मिनेसोटाच्या जंगलांतून येतो आणि प्लॅस्टिकचा कच्चा माल बाहेरून, त्यामुळे हेतूबद्दल शंका घ्यायला जागा होती. तरीही १९८१ मध्ये न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. नियम राज्यातल्या आणि बाहेरच्या दूधवाल्यांना सारखाच लागू होता, आणि कचरा कमी करणे हा राज्याचा रास्त उद्देश मानला गेला. या दोन निकालांमधून जी कसोटी निघते ती आजही चालते. परक्याला वेगळे वागवणारा कायदा सहसा टिकत नाही; सर्वांना सारखा लागणारा कायदा, त्याने बाहेरच्यांची थोडी गैरसोय झाली तरी, बहुधा टिकतो. ‘थोडी’ म्हणजे किती, यावर वकिलांची पोटे भरतात.

ट्रकवाल्यांनी हे ‘थोडी’चे माप पुरते अनुभवले आहे. आयोवाने ६५ फुटी जोड-ट्रेलरना बंदी घातली होती, तर आसपासच्या राज्यांत ते सर्रास चालत. हे ट्रेलर वापरणाऱ्यांपुढे दोनच मार्ग उरत: आयोवाला वळसा घालायचा, किंवा सीमेवर ट्रेलर सोडवून दोन वेगळ्या खेपा करायच्या. १९८१ मध्ये न्यायालयाने ही बंदी मोडीत काढली. लांब ट्रेलर अधिक धोकादायक असल्याचे आयोवाला पटवून देता आले नाही, आणि राज्याने आपल्या रस्त्यांवरची रहदारी शेजाऱ्यांच्या अंगणात ढकलल्याचे मात्र दिसत होते. पुढे काँग्रेसनेच ट्रकच्या मापांचे देशव्यापी नियम केले. १९९४ च्या कायद्याने तर ट्रकवाहतुकीचे भाडे, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांनी नियम करणेच बंद केले, आणि या कायद्याच्या छत्राखाली वाहतूक-दलालही आले.

सी. एच. रॉबिन्सनचा आजचा धंदा या छत्राखाली चालतो. १९०५ मध्ये नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सला फळे-भाजीपाल्याचा घाऊक व्यापार म्हणून सुरू झालेली ही कंपनी आज मुख्यतः दलाली करते: माल एकाचा, ट्रक दुसऱ्याचा, आणि गाठ घालून देणारे ईडन प्रेरीत. अशा दलालाला परवाना केंद्र सरकारचा लागतो आणि ७५ हजार डॉलरची हमी ठेवावी लागते; राज्याराज्यांत वेगळे परवाने काढत बसावे लागत नाही. ट्रकमालकांच्या इंधनकराचा प्रश्नही सामोपचाराने सुटला आहे. ४८ राज्ये आणि कॅनडाचे १० प्रांत यांच्यात असलेल्या करारानुसार मालक आपल्या एकाच राज्यात विवरण भरतो, कोणत्या राज्यात किती मैल गाडी धावली ते लिहितो आणि कराचे वाटप सरकारे आपापसात करून घेतात. तरी राज्याची हद्द पूर्ण पुसली गेलेली नाही. ट्रकचा अपघात झाला तर त्या ट्रकवाल्याची निवड करणाऱ्या दलालावर राज्याच्या कायद्याखाली हलगर्जीचा दावा लावता येतो का? नेवाडातील अशाच एका अपघातात, सी. एच. रॉबिन्सनच्याच प्रकरणात, पश्चिमेकडच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये होकार दिला, कारण सुरक्षेचे नियम १९९४ च्या कायद्याने राज्यांकडेच ठेवले आहेत. २०२३ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका कंपनीच्या खटल्यात नेमके उलटे सांगितले. म्हणजे काही काळ तरी दलालाची जबाबदारी खटला कुठे चालला यावर अवलंबून राहिली.

हे सगळे माल हलवण्याबद्दल झाले. पैसा हलतो तेव्हा गोष्ट अधिक चमत्कारिक होते, आणि तिचा उगम ईडन प्रेरीच्या शेजारी, मिनिआपोलिसमध्येच आहे. १९७० च्या दशकात मिनेसोटाच्या कायद्याने क्रेडिट कार्डावरच्या व्याजाला वार्षिक १२ टक्क्यांची मर्यादा होती. नेब्रास्कात हजार डॉलरच्या आतल्या थकबाकीवर १८ टक्के घेता येत. ओमाहाच्या फर्स्ट नॅशनल बँकेने मिनेसोटातल्या लोकांना कार्डे द्यायला सुरुवात केली आणि व्याज लावले नेब्रास्काच्या दराने. मिनिआपोलिसची मार्केट नॅशनल बँक न्यायालयात गेली. तिचे म्हणणे साधे होते: ग्राहक इथला, खरेदी इथली, मग दर तिथला कसा?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये एकमताने ओमाहाच्या बाजूने कौल दिला. निकाल न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिला. अब्राहम लिंकन यांच्या काळातल्या राष्ट्रीय बँक कायद्यात एक वाक्य होते की बँक ज्या राज्यात ‘स्थित’ आहे तिथल्या दराने तिला व्याज घेता येईल. बँक नेब्रास्कात होती. तिचे कार्ड मिनेसोटातल्या कुणाच्या खिशात गेले म्हणून बँक काही तिथे गेली नाही. राज्यांच्या सावकारी-विरोधी कायद्यांची यामुळे धार जाईल हे न्यायालयाला दिसत होते. त्याचा विचार काँग्रेसने करावा, असे सांगून न्यायालय मोकळे झाले. काँग्रेसने तो आजवर केलेला नाही.

परिणाम व्हायला फार वेळ लागला नाही. महागाई भडकली होती. बँकांना बाजारातून पैसा ज्या दराने उचलावा लागे त्याहून कमी दराने कार्डधारकांना द्यावा लागत होता, आणि न्यूयॉर्कच्या सिटीबँकेचा या व्यवसायात तोटा वाढत होता. मिनेसोटाच्या पश्चिमेला साउथ डकोटा हे शेतीवर जगणारे, उद्योग शोधणारे राज्य होते. गव्हर्नर बिल जँकलो यांच्या कारकिर्दीत १९८० मध्ये त्या राज्याने व्याजाची कमाल मर्यादाच काढून टाकली आणि सिटीबँकेला आवतण दिले. १९८१ मध्ये तिचा क्रेडिट कार्ड विभाग सू फॉल्सला हलला. हे शहर मिनेसोटाच्या सीमेपासून थोड्याच मैलांवर आहे. डेलावेअरनेही त्याच वर्षी तसाच कायदा करून इतर बँकांना बोलावले. पुढे उशिरा भरण्याचा दंडही ‘व्याज’ या शब्दात मोडतो असे १९९६ मध्ये ठरले, आणि दंडाच्या रकमाही बँकेच्या दारच्या कायद्याने ठरू लागल्या. पन्नास राज्यांतल्या कर्जदारांसाठी व्याजाचे धोरण अशा रीतीने दोन छोट्या राज्यांच्या विधिमंडळांत ठरले, जिथे त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. राज्यांच्या स्पर्धेतून चांगले कायदे निपजतात असे मानणाऱ्या अर्थतज्ज्ञांना हे उदाहरण अडचणीचे आहे.

विक्रीकराची वाट नेमकी उलट दिशेने गेली. तिथे आधी विक्रेत्याचे पारडे जड होते. टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे ग्राहकाच्या राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नसेल, तर त्या राज्याला तिच्याकडून विक्रीकर गोळा करून घेता येणार नाही, असे १९६७ मध्ये ठरले. पुढे नॉर्थ डकोटाने ते बदलून पाहिले. त्यावरचा खटला क्विल या स्टेशनरी विकणाऱ्या कंपनीने १९९२ मध्ये जिंकला. ग्राहकाने तो कर स्वतः होऊन भरायचा असतो, पण असे भरणारा ग्राहक विरळाच. इंटरनेटवरची विक्री वाढली तसे खिंडार रुंदावत गेले. मिनिआपोलिसच्या टार्गेटसारख्या कंपन्यांची दुकाने देशभर असल्यामुळे त्यांना सर्वत्र कर लावावाच लागे. घरबसल्या विकणारा स्पर्धक तितका स्वस्त पडे.

पुन्हा साउथ डकोटाच पुढे आले. या राज्यात व्यक्तिगत प्राप्तिकर नाही, त्यामुळे तिजोरीची मोठी मदार विक्रीकरावर. २०१६ मध्ये त्याने कायदा केला: वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा दोनशे व्यवहार राज्यात झाले की विक्रेता कुठेही असो, त्याने कर गोळा करून भरावा. फर्निचर विकणाऱ्या वेफेअर कंपनीविरुद्धच्या खटल्यात २१ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा मान्य केला आणि आपले दोन्ही जुने निकाल मागे घेतले. व्याजात बँकेचे दार श्रेष्ठ ठरवून घेण्यात साउथ डकोटाचा फायदा होता, करात ग्राहकाचे. दोन्ही डाव त्याला साधले.

मराठी वाचकाला हे वळण परिचित वाटायला हवे. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यात पुण्याहून इंदूरला गेलेल्या मालावरचा कर महाराष्ट्राच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या राज्याच्या तिजोरीत पडे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तोच राज्याचा वाटा मध्य प्रदेशाला, माल जिथे वापरला जातो तिथे, जाऊ लागला. महाराष्ट्रासारख्या उत्पादक राज्यांना याची धास्ती होती, म्हणूनच पाच वर्षांच्या भरपाईची तरतूद झाली. भारताने घटनादुरुस्ती करून, परिषद नेमून जे केले ते अमेरिकेत एका मताच्या फरकाने न्यायालयात झाले.

फरक आणखी एक आहे. भारतात कर कुणाला जातो हे बदलले तरी वस्तूंवरील कराचे दर आणि वर्गवारी देशभर एक आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याची यादी वेगळी. मिनेसोटाचा विक्रीकर ६.८७५ टक्के आणि वर स्थानिक भर, विस्कॉन्सिनचा ५. पण मिनेसोटात कपड्यांवर कर नाही, त्यामुळे ईडन प्रेरीला लागून असलेल्या ब्लूमिंग्टनच्या मॉल ऑफ अमेरिकात शेजारच्या राज्यांतले लोक कपडे घ्यायला येतात. किराण्यावर कर नाही, मिठाईवर आहे. मात्र ज्यात मैदा आहे ती वस्तू कायद्याने मिठाई नव्हे. म्हणून साध्या चॉकलेटवर कर आणि आत वेफर असलेल्या किटकॅटला सूट. ही व्याख्या मिनेसोटाची एकट्याची नाही. करांच्या व्याख्या एकसारख्या करण्यासाठी वीसेक राज्यांनी जो करार केला त्यात ती आहे. सुलभीकरणाचे असे नमुने आपल्याकडे पराठा आणि पोळीच्या करावरून झालेल्या वादांत पाहायला मिळतात.

एखाद्या राज्याने आपल्या ग्राहकाच्या नावाने दुसऱ्या राज्यातला कारखाना किंवा गोठा कसा असावा हेही ठरवू पाहिले, तर? मिनेसोटाने २००७ मध्ये नव्या कोळसा केंद्रांतली वीज बाहेरून आणण्यावर निर्बंध घातला. नॉर्थ डकोटात हलक्या प्रतीच्या कोळशाच्या खाणी आहेत; ते राज्य न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले, जरी तिन्ही न्यायाधीशांची कारणे एकसारखी नव्हती. वीज एकाच सामायिक जाळ्यातून वाहते. तारेतली वीज कोणत्या राज्यातून आली ते तिच्यावर लिहिलेले नसते, ही अडचण त्यात होतीच. पण २०२३ मध्ये वारे फिरले. माणसांना खायच्या डुकराच्या मांसासाठी माद्यांना प्रत्येकी किमान २४ चौरस फूट जागा द्यावी, नाहीतर ते मांस राज्यात विकता येणार नाही, असा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये केलेला नियम सर्वोच्च न्यायालयाने टिकवला. कॅलिफोर्नियात डुकरे फारशी पाळली जात नाहीत, पण देशातले सुमारे १३ टक्के मांस तिथे खाल्ले जाते. गोठे मोडून पुन्हा बांधायचे ते आयोवा आणि मिनेसोटाच्या शेतकऱ्यांनी. नियम परक्याला आणि घरच्याला सारखा होता, एवढे न्यायालयाला पुरले. गिऱ्हाईक मोठे असेल तर त्याच्या दारचा कायदा शेकडो मैलांवर पोहोचतो.

कंपनी स्वतः कोणत्या राज्याची, हा आणखी निराळा हिशेब. सी. एच. रॉबिन्सनचे मुख्यालय ईडन प्रेरीत असले तरी कागदोपत्री ती डेलावेअरची कंपनी आहे, अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांसारखी. संचालक आणि भागधारक यांच्यातले तंटे त्यामुळे डेलावेअरच्या कायद्याने सुटतात. विम्याला ही मोकळीक नाही. १९४५ च्या केंद्रीय कायद्याने विम्याचे नियमन राज्यांकडे सोपवले आणि विमाधारक जिथे राहतो तिथल्या आयुक्ताची परवानगी अनिवार्य राहिली. यातून एक गंमत झाली. मिनेसोटाच्या १९७३ च्या कायद्यानुसार ठरावीक वर्गणीवर उपचार पुरवणाऱ्या आरोग्यसंस्था नफ्यासाठी चालवता येत नसत. परिणामी देशातल्या सर्वांत मोठ्या आरोग्यविमा समूहांपैकी एकाचा जन्म ज्या राज्यात झाला, तिथेच त्याला ही योजना नफ्याने विकायला मनाई होती. ती अट २०१७ मध्ये उठली. श्रवणयंत्रांचे उलटे झाले. विक्रेत्याला राज्याचा परवाना लागे. साध्या बहिरेपणासाठीची यंत्रे कुणालाही दुकानातून घेता यावीत असा केंद्राचा नियम ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू झाला आणि त्या यंत्रांपुरते राज्यांचे अडथळे बाजूला सरले.

दारूच्या बाबतीत राज्यांना घटनेनेच जास्त अधिकार दिले आहेत. दारूबंदी उठवणाऱ्या १९३३ च्या दुरुस्तीने हे ठरले. मिनेसोटात तर गावाला स्वतःच दुकान चालवता येते. ईडन प्रेरीतली दारूची दुकाने नगरपालिकेच्या मालकीची आहेत आणि नफा शहराच्या तिजोरीत जातो. २ जुलै २०१७ पर्यंत राज्यात रविवारी बाटली विकता येत नसे. मग रविवारी मोटारी पूल ओलांडून विस्कॉन्सिनच्या हडसनला जात; बांद्याहून पत्रादेवी ओलांडणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

शेवटी माणसे. मिनेसोटाच्या चारही शेजारी राज्यांत, आपसातल्या एका करारामुळे, एका राज्याचा परिचारिकेचा परवाना दुसऱ्यात चालतो. मिनेसोटा २०२५ पर्यंत त्या करारात आलेले नव्हते, त्यामुळे हडसनच्या परिचारिकेचा परवाना नदीपलीकडच्या रुग्णालयात आपोआप चालत नसे. डॉक्टरांसाठीच्या अशाच करारात मात्र ते २०१५ पासून आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये अशी अट मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत बेकायदा ठरवली. कंपन्यांनी करारात परराज्याचा कायदा लावून यातून पळवाट काढू नये, यासाठी मिनेसोटात राहून काम करणाऱ्यावर बाहेरचा कायदा लादता येणार नाही असेही त्यात लिहिले. संगणकक्षेत्रातल्या मराठी मंडळींना ईडन प्रेरीतली नोकरी आणि टेक्ससमधली नोकरी यांत हा फरक पडतो.

प्राप्तिकरात जुनी सोय मोडली आहे. विस्कॉन्सिनमध्ये राहून मिनेसोटात नोकरी करणाऱ्याने फक्त राहत्या राज्यात कर भरावा, असा दोन राज्यांत समझोता होता; विस्कॉन्सिन आपले देणे उशिरा चुकते करते या कारणावरून मिनेसोटाने तो २०१० पासून संपवला. नॉर्थ डकोटा आणि मिशिगनशी असलेला समझोता चालू आहे. हडसनला घर असलेला कर्मचारी ईडन प्रेरीच्या कचेरीत बसतो त्या दिवसाच्या पगारावर मिनेसोटा कर घेते आणि विस्कॉन्सिन त्याची वजावट देते. तो घरून काम करतो त्या दिवसाच्या पगारावर मिनेसोटाचा हक्क नसतो, काम तेच आणि मालक तोच असला तरी. त्यामुळे अशा कर्मचाऱ्याला वर्षभर एक वही ठेवावी लागते, कोणत्या तारखेला तो नदीच्या कोणत्या काठावर होता याची.